सूर्य इतका दूर, मग गुरूवरची वादळं कोण पेटवतं?

आजच्या भागात एकच प्रश्न घ्यायचा आहे, आणि तो शेवटपर्यंत धरून ठेवायचा आहे. गुरू, शनी, नेपच्यून या महाकाय ग्रहांवर जी प्रचंड वादळं चालतात, त्यांना ताकद कुठून मिळते?

तुम्ही म्हणाल, यात काय मोठंसं? हवामान म्हटलं की सूर्य आलाच. पृथ्वीवरचा वारा, पाऊस, मान्सून, चक्रीवादळं हे सगळं शेवटी उन्हावरच चालतं. मग तिथेही तसंच असेल.

तर आधी हिशेब मांडू.

सूर्यासमोर एक चौरस मीटरचा पत्रा धरला, तर पृथ्वीच्या अंतरावर त्याच्यावर साधारण १३६० वॉट ऊर्जा पडते. गुरू सूर्यापासून पृथ्वीच्या सव्वापाच पट लांब आहे. तिथे त्याच पत्र्यावर जेमतेम ५० वॉट पडतात. शनीपाशी १५. आणि नेपच्यूनपाशी? दीड वॉट. पृथ्वीवरच्या उन्हाचा नऊशेवा भाग.

आता वाऱ्यांचा वेग बघा. १९९९ साली ओडिशात जे महाचक्रीवादळ आलं, त्यातला वारा ताशी २६० किलोमीटरच्या आसपास होता. आपल्या देशाने पाहिलेल्या सर्वांत भीषण वादळांपैकी ते एक. गुरूच्या मोठ्या लाल डागाच्या कडेने वारा ताशी ४०० किलोमीटरच्या वर वाहतो, आणि तो डाग किमान दीडशे वर्षं तिथे आहे. शनीच्या विषुववृत्तावर वाऱ्याचा वेग ताशी १८०० किलोमीटरपर्यंत जातो. नेपच्यूनवर तो २००० च्या पलीकडे.

म्हणजे जसजसं ऊन कमी होत जातं, तसतसा वारा वाढत जातो! दुकानात गिऱ्हाईक कमी होत जावं आणि गल्ला मात्र भरत जावा, असा हा उलटा हिशेब आहे. असा हिशेब दिसला की समजावं, कुठेतरी दुसरी कमाई आहे. आज आपल्याला ती दुसरी कमाई शोधायची आहे. आणि ती सापडली तरी तेवढ्याने भागणार नाही, हेही आत्ताच सांगून ठेवतो.

आतली ऊब

ही दुसरी कमाई पहिल्यांदा पकडली गेली १९६० च्या दशकात. फ्रँक लो या अमेरिकन खगोलशास्त्रज्ञाने अवरक्त किरणांत, म्हणजे उष्णतेच्या प्रकाशात, गुरूचं मोजमाप केलं. अपेक्षा साधी होती. ग्रह सूर्याकडून जेवढी उष्णता घेतो तेवढीच परत अवकाशात टाकतो. घेतलं तेवढं दिलं. पण गुरू घेतो त्यापेक्षा जास्त देताना दिसला. पृथ्वीची हवा अशा मोजमापात अडथळा आणते, म्हणून लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विमानात दुर्बीण ठेवून उंचावरून पुन्हा मोजलं. उत्तर तेच. पुढे १९७३ आणि १९७४ मध्ये पायोनियर १० आणि ११ ही यानं गुरूजवळून गेली, आणि शंका उरली नाही.

सगळ्यात नेमके आकडे कॅसिनी यानाच्या नोंदींवरून मिळाले. गुरूचा सरासरी एक चौरस मीटर सूर्याकडून साधारण साडेसहा वॉट शोषतो, आणि अवकाशात साधारण १४ वॉट टाकतो. मधले साडेसात वॉट त्याचे स्वतःचे, पोटातले. म्हणजे गुरूच्या घरात बाहेरून येणाऱ्या पगारापेक्षा घरची कमाई थोडी जास्तच आहे.

तुलनेला पृथ्वी घ्या. पृथ्वीच्या पोटातही उष्णता आहे, ज्वालामुखी त्यावरच चालतात. पण जमिनीतून वर येणारी ही उष्णता दर चौरस मीटरला एका वॉटचा दहावा भागसुद्धा नाही. पृथ्वी उन्हातून सरासरी २४० वॉट शोषते. त्यापुढे ही आतली ऊब अडीच हजारांत एक भागही नाही. आपल्या हवामानाला ती कळतसुद्धा नाही.

ही उष्णता गुरूकडे आली कुठून? इथे एक गैरसमज नेहमी ऐकू येतो, की गुरू हा जवळजवळ तारा आहे आणि त्याच्या पोटात थोडंफार अणुसंमीलन चालू असेल. तसं नाही. सूर्यासारखं हायड्रोजनचं संमीलन सुरू व्हायला गुरूच्या सुमारे ८० पट वस्तुमान लागतं. गुरू त्याच्या जवळपासही नाही.

खरी गोष्ट साधी आहे. साडेचार अब्ज वर्षांपूर्वी वायू आणि धूळ एकमेकांवर कोसळून गुरू बनला. उंचावरून पडलेली वस्तू आपटते तेव्हा तापते. इथे तर पृथ्वीच्या ३१८ पट वस्तुमान कोसळलं. त्या कोसळण्याची उष्णता अजून पुरती बाहेर पडलेली नाही. एवढा मोठा गोळा निवायला वेळ लागतो. वाटीतला वरण-भात लगेच गार होतो आणि लग्नाच्या पंगतीतलं पातेलं दुपार उलटली तरी गरम असतं, तसंच. शिवाय निवता निवता ग्रह अगदी हळूहळू आकुंचन पावतो, आणि त्यातूनही थोडी उष्णता निघत राहते.

शनीच्या बाबतीत एवढ्यानेही हिशेब पुरा होत नाही. शनी लहान आहे, तो आतापर्यंत जास्त निवायला हवा होता. पण तोही घेतो त्याच्या पावणेदोन पटीच्या आसपास उष्णता बाहेर टाकतो. याचं सर्वमान्य स्पष्टीकरण मोठं मजेदार आहे. शनीच्या पोटात प्रचंड दाबाखाली हायड्रोजन धातूसारखा वागू लागतो, आणि त्यात विरघळलेला हेलियम वेगळा होऊन थेंबाथेंबाने खाली पडतो. हेलियमचा पाऊस! हे थेंब हजारो किलोमीटर खाली उतरतात, आणि त्या पडण्याची ऊर्जा उष्णता बनते. गुरूमध्येही हे थोड्या प्रमाणात होत असावं. गॅलिलिओ यानाने टाकलेल्या शोधकुपीला गुरूच्या हवेत निऑन वायू फार कमी सापडला. हेलियमच्या थेंबांत निऑन सहज विरघळतो आणि त्यांच्याबरोबर खाली जातो, म्हणून तो वर कमी पडतो, असा त्याचा अर्थ लावला जातो.

चूल खाली की निखारे वर?

आता इथे एक चांगली शंका यायला हवी. गुरूवर सूर्याचे साडेसहा वॉट, आतले साडेसात. दोन्ही जवळपास सारखेच. मग वादळांचं श्रेय आतल्या उष्णतेला जास्त का द्यायचं?

याचं उत्तर स्वयंपाकघरात आहे. पातेल्याखाली चूल असेल तर काय होतं? तळचं पाणी तापतं, हलकं होतं, वर येतं. वरचं गार पाणी खाली जातं. सगळं पाणी घुसळून निघतं. याला आपण शाळेत अभिसरण म्हणायला शिकलो. आता तीच उष्णता वरून द्या. जुन्या पद्धतीने भानोलं करताना झाकणावर निखारे ठेवतात तसं, पण खाली विस्तव नाही. पाण्याचा वरचा थर तापेल, हलका होईल, आणि वरच राहील. खालचं गार पाणी खालीच. काही हलणार नाही. उष्णता तेवढीच, पण एकदा घुसळण होते आणि एकदा उलट सगळं शांत बसतं.

पृथ्वीवर ऊन हवेतून आरपार येतं आणि जमीन, समुद्र तापवतं. हवेच्या दृष्टीने ती खालची चूल झाली. वैशाखात जमीन तापते आणि संध्याकाळी वळीव येतो, बंगालात काळवैशाखी येते, कर्नाटक-केरळात आंबेसरी येतात. सगळीकडे कारण तेच, खालून तापलेली हवा.

गुरूला जमीनच नाही. वरून खाली नुसता वायू, अधिकाधिक दाट होत जाणारा. उन्हाचा बराचसा भाग वरच्या ढगांत आणि त्यांच्या आसपासच्या थरांत शोषला जातो. म्हणजे गुरूसाठी सूर्य हा झाकणावरचा निखारा आहे, आणि खालची चूल म्हणजे त्याची आतली ऊब. वादळ पेटवते ती चूल. सूर्य बऱ्याच ठिकाणी ते दाबून धरतो.

हे नुसतं उदाहरण देऊन पटवायचं काम नाही, याला पुरावा आहे. १९७९ मध्ये व्हॉयेजर १ ने गुरूच्या रात्रीच्या बाजूला विजा चमकताना पाहिल्या. वीज म्हणजे गडगडाटी वादळ. पुढे २०१६ पासून जूनो हे यान गुरूभोवती ध्रुवांवरून जाणाऱ्या कक्षेत फिरू लागलं आणि विजांच्या रेडिओ लहरी नोंदवू लागलं. त्यात काय दिसलं? विजा ध्रुवांच्या बाजूला जास्त, आणि विषुववृत्तावर जवळजवळ नाहीतच. पृथ्वीच्या नेमकं उलट. आपल्याकडे विजा उष्ण कटिबंधात जास्त.

आता आपला निखारा आठवा. गुरूच्या विषुववृत्तावर ऊन जास्त, म्हणजे झाकण गरम, म्हणजे खालच्या हवेला वर यायला अडथळा. ध्रुवांकडे ऊन नगण्य, झाकण थंड, आणि खालची ऊब मोकळेपणाने वर येते. जिथे सूर्य कमी तिथे वादळं जास्त. जूनोच्या शास्त्रज्ञांनीही हाच अर्थ लावला.

पायोनियरच्या वेळचं एक जुनं कोडंही यात सुटतं. गुरूचे ध्रुव आणि विषुववृत्त यांच्यात उष्णता बाहेर टाकण्याच्या बाबतीत फारसा फरकच नाही. ऊन असमान पडतं, मग हे कसं? कॅलिफोर्नियातल्या कॅलटेक या संस्थेतले अँड्र्यू इंगरसॉल आणि कॅरोलिन पोर्को यांनी १९७८ मध्ये सुचवलं, की आतली उष्णता ही उणीव भरून काढते. जिथे ऊन जास्त तिथून ती कमी बाहेर पडते, जिथे ऊन कमी तिथून जास्त. पाटाचं पाणी वाट मिळेल तिकडे वळतं, तसंच हे.

पाण्याचं काम

चूल सापडली. पण चुलीवरची ऊब वादळापर्यंत पोहोचते कशी? इथे आपल्या ओळखीची एक गोष्ट येते. पाणी.

गुरूवर ढगांचे तीन मजले आहेत असं मानतात. सगळ्यात वर अमोनियाच्या बर्फाचे ढग, दुर्बिणीतून आपल्याला दिसतात ते. तिथे तापमान शून्याखाली शंभर अंशांच्या पलीकडे. त्याखाली अमोनिया आणि गंधक यांच्या संयुगाचे ढग. आणि त्याच्याही खाली, पृथ्वीवरच्या हवेच्या पाच-सहा पट दाब असतो तिथे, पाण्याचे ढग. तिथलं तापमान शून्य अंशाच्या आसपास, म्हणजे हिमालयातल्या थंडीसारखं.

एक भांडं पाणी वीस अंशांपासून उकळायला किती उष्णता लागते, आणि तेच पाणी पूर्ण आटवायला किती? आटवायला जवळजवळ सातपट. ही उष्णता नाहीशी होत नाही, ती वाफेत लपून बसते. शाळेच्या पुस्तकातली अप्रकट उष्णता ती हीच. वाफेचं पुन्हा पाणी झालं की ती सगळी परत मिळते. एक किलो वाफेचे थेंब झाले की सुमारे २५ लाख ज्यूल उष्णता हवेत मोकळी होते. त्याने हवा अधिक तापते, अधिक वर चढते, आणखी वाफेचे थेंब होतात. वादळ असं स्वतःच्याच जोरावर वर चढत जातं. पृथ्वीवरचा गडगडाटी ढग आणि गुरूवरचा, दोघांचं इंजिन एकच.

पण ही कल्पना एकदा मोठ्या अडचणीत आली होती. ७ डिसेंबर १९९५ रोजी गॅलिलिओची शोधकुपी ताशी एक लाख सत्तर हजार किलोमीटर वेगाने गुरूच्या हवेत शिरली. हवाई छत्री उघडली आणि जवळजवळ तासभर तिने आकडे पाठवले. शास्त्रज्ञ पाण्याची वाट बघत होते, आणि पाणी अपेक्षेपेक्षा कितीतरी कमी निघालं. गुरू कोरडा असेल तर पाण्यावर चालणारी वादळं कसली?

नंतर कळलं, की कुपी नेमकी एका कोरड्या पट्ट्यात पडली होती. तिथे हवा वरून खाली उतरत असते, त्यामुळे ती सुकी असते. परग्रहावरच्या कुणी पृथ्वीवर एकच यंत्र टाकावं, ते जैसलमेरला पडावं, आणि त्यांनी ठरवावं की पृथ्वीवर पाणी नाही, तसा प्रकार.

पण जाता जाता कुपीने एक मोलाची गोष्ट सांगितली. ती खाली जात होती तसा अंधार वाढत होता, आणि वारा मात्र कमी होत नव्हता. उलट वाढून ताशी सहाशे किलोमीटरच्या वर गेला आणि तसाच राहिला. वाऱ्याला ताकद फक्त उन्हातून मिळत असती, तर खोल अंधारात तो मंदावायला हवा होता.

पाण्याचा निकाल पुढे लागला. गॅलिलिओच्या मुख्य यानाने वादळांची चित्रं घेतली, दिवसा ढग आणि रात्री त्याच जागी विजा. ही वादळं हजार किलोमीटर लांबीची होती. मुंबई ते दिल्ली हवाई अंतर याहून थोडंच जास्त आहे. २००० साली कॉर्नेल विद्यापीठातले पीटर गिरॅश, इंगरसॉल आणि सहकाऱ्यांनी हिशेब मांडला, की ही वादळं मिळून किती उष्णता वर वाहून नेत असतील. उत्तर आलं गुरूच्या आतल्या उष्णतेच्या जवळपास. आणि २०२० मध्ये जूनोच्या मोजमापातून दिसलं, की गुरूच्या विषुववृत्ताजवळ हवेतल्या रेणूंपैकी सुमारे पाव टक्का पाणी आहे. आकडा लहान वाटेल, पण वादळांना पुरेसा आहे.

थेंबांतून नदी

आता पुढचा प्रश्न. गडगडाटी वादळं काही दिवस टिकतात. मग गुरूवरचे ते सरळ, एकमेकांना समांतर पट्टे आणि शतकभर टिकणारा लाल डाग कसा बनला?

गुरूचा दिवस दहा तासांहूनही थोडा कमी आहे. पृथ्वीच्या अकरापट रुंद गोळा इतक्या वेगाने फिरतो, तेव्हा वर-खाली किंवा उत्तर-दक्षिण जाणारी हवा बाजूला वळते. भूगोलात आपण याला कोरिऑलिस परिणाम म्हणतो. त्यामुळे हवा पूर्व-पश्चिम झोतांत बांधली जाते, आणि शेजारशेजारचे झोत उलट दिशांनी वाहतात. दुर्बिणीतून दिसणारे पट्टे याच झोतांच्या मध्ये बसलेले आहेत.

आधी वाटायचं, की हे झोत मोठे, म्हणून त्यांच्यातून लहान भोवरे सुटत असतील, नदीच्या काठाला भोवरे होतात तसे. व्हॉयेजर आणि कॅसिनीच्या चित्रांत ढगांच्या हालचाली मोजल्यावर उलट दिसलं. लहान भोवरेच आपला वेग झोतांना देतात. वादळ उठतं, त्यातून भोवरे सुटतात, झोत त्यांना ताणून आपल्यात ओढून घेतो आणि त्यांची ऊर्जा पचवतो. मोठे भोवरेही लहानांना गिळून टिकतात. १९३९-४० पासून गुरूच्या दक्षिण भागात तीन पांढरे भोवरे होते. १९९८ मध्ये दोन एकत्र झाले, २००० मध्ये तिसरा त्यांना मिळाला. उरलेला एक भोवरा पुढे लालसर झाला. हा रंगबदल फेब्रुवारी २००६ मध्ये प्रथम कुणी पाहिला? फिलिपिन्समधल्या ख्रिस्तोफर गो या हौशी निरीक्षकाने, स्वतःच्या दुर्बिणीतून.

तर साखळी अशी जुळते. पोटातली ऊब, तिच्यावर चालणारी पाण्याची वादळं, वादळांतून भोवरे, आणि भोवऱ्यांतून झोत. थेंबाथेंबाने नदी.

ब्रेक नसलेली गाडी

पण सुरुवातीचा उलटा हिशेब अजून सुटलेला नाही. आतली आणि बाहेरची सगळी कमाई धरली तरी गुरूकडे दर चौरस मीटरला १४ वॉट आहेत. पृथ्वीकडे २४०. मग गुरूवर वारा जास्त का?

गाडीचा वेग इंजिनावर जेवढा अवलंबून असतो, तेवढाच ब्रेकवर. पृथ्वीवर वाऱ्याला सतत ब्रेक लागतो. डोंगर, झाडं, घरं, समुद्राच्या लाटा. चक्रीवादळ जमिनीवर चढलं की एक-दोन दिवसांत विरून जातं. एक तर त्याला समुद्राची वाफ मिळत नाही, आणि वर जमिनीचं घर्षण. महाकाय ग्रहांवर घासायला काही नाहीच. जूनोने गुरूचं गुरुत्वाकर्षण बारकाईने मोजलं तेव्हा कळलं, की झोत सुमारे ३००० किलोमीटर खोल जातात. त्याखाली वायू वीजवाहक होतो, चुंबकीय क्षेत्र त्याला पकडतं, आणि तिथे कुठे ब्रेक लागतो. म्हणजे तिथलं हवामान हा वरचा पातळ पापुद्रा नाही. गुरूच्या एकूण वस्तुमानाचा साधारण शंभरावा भाग, म्हणजे तीन पृथ्वी मावतील एवढा वायू, या झोतांत वाहतो आहे. ब्रेक इतका सौम्य असेल तर लहान इंजिनही गाडीला हळूहळू प्रचंड वेग देऊ शकतं. नेपच्यूनवर इंजिन आणखी लहान, पण तिथेही अडवणारं फारसं कुणी नाही.

म्हणून दोन गोष्टी वेगळ्या ठेवायच्या. वादळं किती उठणार हे मुख्यतः आतली चूल ठरवते. वारा किती वेगाने वाहणार, यात ब्रेकचाही तेवढाच हात आहे.

याची परीक्षा निसर्गानेच घेऊन ठेवली आहे. युरेनस आणि नेपच्यून आकाराने जवळजवळ जुळे. नेपच्यून सूर्याकडून घेतो त्याच्या अडीच पटीहून जास्त उष्णता बाहेर टाकतो. युरेनसची आतली ऊब मात्र अगदी थोडी. १९८६ मध्ये व्हॉयेजर २ युरेनसपाशी पोहोचलं तेव्हा समोर जवळजवळ कोरा निळसर गोळा होता. १९८९ मध्ये तेच यान नेपच्यूनपाशी गेलं, तेव्हा तिथे पांढरे ढग धावत होते आणि पृथ्वीएवढा काळा डाग फिरत होता. ऊन कमी, पण चूल पेटलेली. युरेनसवर वादळं उठतच नाहीत असं मात्र नाही. २०१४ मध्ये तिथेही मोठे तेजस्वी ढग दिसले. आणि तिथला वारा ताशी ९०० किलोमीटरपर्यंत जातोच, कारण ब्रेक तिथेही नाही.

शनीची शिट्टी

शेवटी शनी, कारण तिथे हे सगळं एका नाट्यात दिसतं.

शनी बहुतेक वेळ शांत, फिकट पिवळा दिसतो. पण १८७६, १९०३, १९३३, १९६०, १९९० आणि २०१० या वर्षी तिथे महाप्रचंड पांढरं वादळ उठलं. मध्ये वीस ते तीस वर्षांची शांतता. १९३३ चं वादळ पहिल्यांदा पाहिलं विल हे यांनी. ते इंग्लंडमधले प्रसिद्ध विनोदी नट होते आणि हौशी खगोलनिरीक्षकही. ५ डिसेंबर २०१० रोजी उठलेलं वादळ तर कॅसिनी यानाच्या डोळ्यांदेखत वाढलं. काही महिन्यांत ते सगळ्या ग्रहाला वेढून आलं, आणि त्याचं डोकं स्वतःच्याच शेपटीला जाऊन भिडलं. साधारण दोनशे दिवस ते गडगडत राहिलं.

आतली उष्णता तर रोज येते, मग वादळ तीस वर्षांनी का? २०१५ मध्ये चेंग ली आणि इंगरसॉल यांनी याचं सुंदर उत्तर दिलं. आपली हवा नायट्रोजन आणि ऑक्सिजनची, पाण्याची वाफ त्यांच्यापेक्षा हलकी. म्हणून आपल्याकडे दमट हवा सहज वर चढते. शनीची हवा हायड्रोजन-हेलियमची. तिच्यापुढे पाण्याची वाफ जवळजवळ आठपट जड! त्यामुळे शनीवर दमट हवा उबदार असूनही जडपणाने खालीच बसते. आतली ऊब तिच्याखाली अडकते. वरचा थर अवकाशात उष्णता टाकत वर्षानुवर्षं गार होत राहतो. गार होता होता एक दिवस तो खालच्या दमट हवेपेक्षाही जड होतो, खाली बुडतो, आणि खालची हवा उसळून वर येते. वाफेचे थेंब होतात, साठलेली उष्णता एकदम मोकळी होते. मग पाणी पडून जातं, वरचा थर पुन्हा उबदार, कोरडा आणि हलका होतो, आणि झाकण पुन्हा बसतं. पुढची काही दशकं शांतता.

गुरू म्हणजे उघड्या पातेल्यात खदखदणारी आमटी, आणि शनी म्हणजे कुकर. आच दोन्हीकडे चालू असते, शनीची शिट्टी मात्र उशिरा होते.

मंडळी, हे सगळं आपल्याला कशाला हवं, असं कुणी विचारलं तर मी एवढंच म्हणेन. पृथ्वीवर ऊन, जमीन, समुद्र, पाणी सगळं एकत्र गुंतलेलं आहे. कोणाचं काम किती, हे वेगळं करून दाखवणं कठीण. महाकाय ग्रहांवर निसर्गाने हेच घटक सुटे करून ठेवले आहेत. एका ग्रहाची चूल मोठी, दुसऱ्याची जवळजवळ विझलेली. इकडे वाफ हलकी, तिकडे जड. इथे ब्रेक आहे, तिथे नाही. वादळ म्हणजे नेमकं काय, हे समजून घ्यायला याहून चांगली प्रयोगशाळा मिळणार नाही. दूरच्या ताऱ्यांभोवती आता शेकडो महाकाय ग्रह सापडले आहेत. त्यांतले काही आपल्या ताऱ्याला इतके चिकटून फिरतात, की तिथे झाकणावरचा निखाराच चुलीपेक्षा कितीतरी मोठा आहे. त्यांचं हवामान ओळखायलाही हाच हिशेब लागतो.

तुम्ही इंदूरला असा, हैदराबादला, बेळगावला की बडोद्याला, गुरू सगळ्यांना सारखाच दिसतो. लहानशी दुर्बीण मिळाली तर रात्री त्याच्याकडे बघा. तबकडीवर दोन गडद पट्टे दिसतील. त्यांच्याकडे बघताना लक्षात असू द्या, तुमच्या डोळ्यांत येणारा तो प्रकाश सूर्याचाच आहे, गुरूवरून परतलेला. पण त्या पट्ट्यांना जो वेग आहे, त्यामागे गुरूची स्वतःची ऊब आहे, साडेचार अब्ज वर्षांपूर्वीची.

पुढच्या भागात शनीच्या उत्तर ध्रुवावरचा षट्कोन घेऊ. तोपर्यंत, नमस्कार.